ह्या शेअरावर साखर किती?

म्हसवडच्या कार्यक्रमात एका म्हाताऱ्यानं हात वर केला, तेव्हा मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली होती. काही शंका असतील तर विचारा, असं मी दरवेळी म्हणते आणि कुणी काही विचारू नये असं मनात धरते. दीड तास बोलून घसा बसलेला असतो, गुडघा ठणकत असतो आणि सांगलीकडची एसटी चुकली तर पुढच्या गाडीचा काही भरवसा नसतो.

“म्याडम, त्ये समदं खरं,” म्हातारा म्हणाला, “पर ह्या शेअरावर साखर किती मिळती?”

हॉल हसला. कार्यक्रम ठेवणारे प्राध्यापक ओशाळले आणि माझ्याकडे बघून माफी मागितल्यासारखं हसले. मला प्रश्न नवा नव्हता. सातारा-सांगलीकडच्या गावांत शेअर बाजारावर बोलायला जा, चार-दोन कार्यक्रमांनंतर तो येतोच. पूर्वी मी ऑफिसात परत आले की तो विनोद म्हणून सांगायचे आणि चहा पिता पिता आम्ही सगळे हसायचो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. “साखर मिळत नाही, बाबा,” एवढंच मी म्हटलं. “मग घिऊन करायचं काय?” असं म्हणून तो खाली बसला आणि मी वायर पिशवीत कोंबली.

मी सांगलीत एका शेअर दलालाच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करते. आधी कॉम्प्युटरवर लोकांचे सौदे टाकायचे. हळदीचे व्यापारी, डॉक्टर, निवृत्त मास्तर सकाळी येऊन खुर्च्या अडवून बसायचे आणि पडद्यावरचे आकडे लाल झाले की माझ्यावर खेकसायचे, जणू मीच बाजार पाडला. मीही ऐकून घेणारी नव्हते. पुढं बाजार ज्याच्या त्याच्या फोनवर आला आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या, तेव्हा मालकांनी मला गुंतवणूकदार जागृतीच्या कामाला लावलं. डोक्यावर ओढणी घेतलेली बाई शेअर बाजारावर बोलतेय म्हटल्यावर गावातल्या बायकाही येऊन बसतात, हा त्यांचा हिशेब. तो बरोबर निघाला, त्यामुळे माझी सुटका नाही.

मी सांगते ते खोटं नसतं, हे आधीच सांगून ठेवते. डब्यात ठेवलेला पैसा डब्यातच राहतो. तो बाजारात आला की कुणाच्या तरी कारखान्याला भांडवल मिळतं, यंत्रं येतात, पोरांना काम लागतं, नाक्यावरच्या दुकानाला चार गिऱ्हाइकं जास्त मिळतात. आपल्यासारख्या देशाला वर यायचं तर लोकांच्या बचतीला वाट करून द्यावी लागते. हे मी मनापासून मानत होते, अजूनही मानते. फक्त तेच ते बोलून इतकी दमले आहे, की मधल्या एखाद्या वाक्याकडे माझंच लक्ष नसतं. तोंड बोलत राहतं आणि मी घरात कोथिंबीर आहे का याचा विचार करत असते.

आता साखरेचं सांगते. आमच्या भागात शेअर हा शब्द मुंबईच्या बाजारातून आला नाही, साखर कारखान्याबरोबर आला. शेअर म्हणजे कारखान्याचा शेअर. तो असला की माणूस सभासद होतो, दिवाळीला स्वस्तात साखर मिळते, वर्षातून एकदा सभेची नोटीस घरी येते आणि निवडणूक लागली की मोठमोठी माणसं दारात येऊन हात जोडतात. या शेअरचा भाव रोज वरखाली होत नाही. तो विकावा असं कुणाच्या मनातही येत नाही. बापाचा मुलाला लागतो, नवऱ्याचा बायकोला लागतो. सातबाऱ्याला नाव लागतं तसा तो ‘लागतो’.

आमचं गाव कृष्णाकाठी. गावात आम्हा मुसलमानांची घरं थोडी, त्यातल्या जमीन असलेल्यांपैकी एक आमचं. कारखान्याची नुसती बोलणी चालू होती तेव्हा माझ्या अब्बांनी सायकल विकून शेअर घेतला. कारखाना कुठं होता? एक माळ होता आणि त्यावर रोवलेली एक पाटी होती. “माळ बघून पैसे दिले,” असं अब्बा सांगायचे. गावोगावच्या लोकांनी असेच दिले. त्यातून चिमणी उभी राहिली, मग डांबरी रस्ता आला, दवाखाना आला, शाळा आली. त्याच शाळेत मी दहावी झाले. म्हणजे बचत, भांडवल, उद्योग आणि वाढ असे जे बाण मी पडद्यावर दाखवते, ते सगळं माझ्या गावात माझ्या डोळ्यांदेखत होऊन गेलं होतं. एवढ्या वर्षांत ते एकदाही माझ्या भाषणात आलं नाही. खरं सांगायचं तर ते मला दिसलंच नव्हतं.

अब्बा गेल्यावर शेअर अम्माला लागला. अम्मा शाळेत गेलेली नाही. घर अब्बांच्या नावावर होतं ते तसंच राहिलं, जमीन चुलत्यांबरोबर सामाईक, ती कसतो माझा चुलतभाऊ. अम्माच्या एकटीच्या नावाचा कारखान्याचा दाखला हा एकच कागद. सभासद झाली तेव्हा सहीसाठी म्हणून ती आपलं नाव लिहायला शिकली. तेवढीच अक्षरं तिला येतात. कारखान्याची मतदार यादी चावडीवर लागली की ती जाऊन आपलं नाव शोधायची, आणि सापडलं की बाकीच्या बायकांना बोट ठेवून दाखवायची.

घरात आम्ही दखनी बोलतो, पण कारखान्याचा विषय निघाला की अम्मा मराठीवर यायची. सभासद, ठराव, अहवाल, गाळप या शब्दांना तिच्याकडे दखनी नव्हतीच. वार्षिक सभेला ती ठेवणीतली साडी नेसून जायची. सभा म्हणजे काय, तर मोठा मांडव, भोंगे आणि ‘मंजूर, मंजूर’चा गलका. बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही मागे. पण घरी आली की मला फोन करायची. “आमी औंदा आसवनीला मंजुरी दिली,” असं सांगायची, म्हणजे मळीपासून स्पिरिट काढायच्या प्रकल्पाला. आमी! जणू चेअरमन तिला विचारल्याशिवाय पुढं जातच नव्हते. मी थट्टा करायचे, “बरं झालं अम्मा, कारखाना अडून बसला होता तुझ्यावाचून.” ती म्हणायची, “आडलाच हुता.”

दिवाळीच्या साखरेतली निम्मी ती डब्यात घालून ठेवायची, रमजान ईदच्या शिरखुर्म्यासाठी. ईदच्या सकाळी गावात वाट्या पाठवताना प्रत्येकाला सांगायची, सभासदाची साखर हाय. दुकानातली साखर आणि ही साखर यांत चवीचा काय फरक, हे मला कधी कळलं नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी कारखान्याचं एक पत्र आलं. तुमच्या नावे बरेच दिवस ऊस आलेला नाही, त्यामुळे तुम्ही अक्रियाशील सभासद ठरता, ऊस नोंदवा, नाहीतर मताचा अधिकार राहणार नाही, अशा अर्थाचं. ऊस आमच्या रानातून जातच होता, पण चुलतभाऊ तो आपल्या बायकोच्या नावानं घालत होता. त्यात त्याचं काही वाकडं नव्हतं. पाणी तो पाजतो, खत तो टाकतो. उपायही सोपा होता. एका तुकड्यातला ऊस अम्माच्या नावानं नोंदवायचा, बस. एक अर्ज, एक सातबारा आणि कारखान्याच्या गट ऑफिसला एक-दोन हेलपाटे.

“आपा, मी करतो की समदं,” चुलतभाऊ फोनवर म्हणाला. “तू फकस्त एक दिवस ये. चाचीला घिऊन जायचं हाय, मला त्या कागदातलं कळत न्हाई.”

त्या आठवड्यात माझे चार कार्यक्रम होते. मी दमले होते, आणि दमलेल्या माणसाला स्वतःचं बरोबरच वाटत असतं. मी म्हटलं, “कशाला एवढा खटाटोप? शेअर तुझ्या बायकोच्या नावावर वर्ग करून टाक आणि त्याचे पैसे अम्माला दे. तुलाही उपयोग आणि तिलाही.” तो म्हणाला, “चाचीला इचार आदी.”

मी रविवारी गावी गेले आणि अम्माला समोर बसवून विचारायच्या ऐवजी भाषण दिलं. हे भांडवल पडून आहे, वाढत नाही, महागाई त्याला खाते, तेच पैसे नीट गुंतवले तर म्हातारपणी तुझ्याच उपयोगाला येतील. बायकांच्या बचत गटापुढं बोलते तसंच सगळं. अम्मा ऐकत होती. मग तिनं एकच विचारलं.

“मग मी सभासद ऱ्हाईन का?”

“सभासद राहून मिळतं काय तुला?” मी चिडून म्हटलं. “साखरच ना? साखर मी आणून देते. तशीही डॉक्टरांनी तुला गोड बंद केलंय.”

ती दाखला हातात घेऊन बराच वेळ बसली. मी घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाली, “सही कुठं करायची?” मी बोट ठेवलं तिथं तिनं एकेक अक्षर कोरून काढावं तशी सही केली. मला हायसं वाटलं आणि मी पाचच्या गाडीनं सांगलीला परत आले.

आलेले पैसे मी तिच्या नावानं एका म्युच्युअल फंडात घातले. बाजार तेजीत होता. काही महिन्यांनी गावी गेले तेव्हा मोठ्या कौतुकानं मोबाईल तिच्यापुढं धरला. “बघ, किती वाढले.”

“ह्यात माझं नाव कुठं हाय?” तिनं विचारलं.

मी दाखवलं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून बघितलं. “हे माझं नाव न्हवं,” म्हणाली. इंग्रजीत आहे ते, मी समजावलं. तिनं मान हलवली. “ह्येंची सभा कवा असती?” सभा नसते, मी म्हटलं. “मग आपलं काय म्हननं आसलं तर कुनाला सांगायचं?” मी म्हटलं, एक नंबर असतो, त्यावर फोन करायचा. अम्मानं फोन माझ्या हातात परत दिला आणि चहाला आधण ठेवलं.

त्या भादव्यात कारखान्याची सभा झाली. त्या दिवशी मी मेढ्याला होते. डोंगरातल्या वाड्यांवरून बायका चालत आल्या होत्या, म्हणून मीही जरा जोर लावून बोलत होते. शेअर म्हणजे मालकी, असं मी त्यांना सांगितलं. लहान का असेना, पण मालकी. तुमचं नाव कंपनीच्या यादीत असतं आणि मालकाला दारावर कुणी अडवत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण त्याच वेळी सभेच्या दारात अम्माचं काय झालं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मला ते आठ दिवसांनी चुलतभावानं सांगितलं, तेही अम्माचा सभेनंतरचा नेहमीचा फोन आला नाही म्हणून मी खोदून विचारल्यावर. अम्मा नेहमीसारखी ठेवणीतली साडी नेसून गावातल्या लोकांबरोबर जीपनं सभेला गेली होती. सभासद नसले तरी मागं बसून ऐकायला काय हरकत, असं तिला वाटलं असावं. मांडवाच्या दारावर यादी घेऊन एक बाई बसली होती. तिनं यादी वरून खालपर्यंत बघितली आणि म्हणाली, “चाची, तुमचं नाव न्हाई.” मग ओळखीच्या कुणीतरी मध्ये पडून तोड काढली, की पुतण्याच्या बायकोचं नाव आहे, तिची सही तुम्ही करा आणि जा आत. ते काही वाईट मनानं नव्हतं, अशा सह्या कितीतरी होतात. अम्मा म्हणाली, “मला माझीच सही येती.” आणि ती बाहेर वजनकाट्याजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली. जीप सभा संपल्यावरच परत जाणार होती. तीन तास ती तिथं बसून भोंग्यातून ‘मंजूर, मंजूर’ ऐकत होती.

मला तिनं हे कधीच सांगितलं नाही. दिवाळीत चुलतभावाच्या बायकोनं सगळीच्या सगळी साखर अम्माच्या घरी आणून ठेवली. चांगली पोरगी आहे ती. अम्मानं तिला चहा पाजला आणि साखर परत पाठवली. ईदला शिरखुर्मा झाला, वाट्याही गेल्या, पण दारात उभं राहून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मी तिथंच होते आणि मला ते जाणवलं. मला माझा राग आला, इतका की जेवण गेलं नाही.

म्हसवडहून परत आले त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात खाडा केला आणि सरळ कारखान्यावर गेले. शेअर विभागात एक वयस्क कारकून होते, निवृत्तीला टेकलेले. त्यांना अम्मा माहीत होती. मी म्हटलं, काहीही करा, पण तिला परत सभासद करून घ्या, लागतील ते पैसे मी भरते. ते म्हणाले, “ताई, नवीन सभासद सध्या बंद हाय. आन् एकदा वर्ग झालेला शेअर पाच वर्षं पुन्हा वर्ग करता येत न्हाई, तसा नियम केलाय संचालक मंडळानं.” पाच वर्षं म्हटल्यावर मी मनात अम्माचं वय धरलं आणि पुढची बेरीज केली नाही.

मी उठत होते, पण ते म्हणाले, थांबा, फाइल तर बघू. कपाटातून त्यांनी एक कळकट फाइल काढली आणि पानं उलटत राहिले. एका पिवळ्या पडलेल्या अर्जावर थांबून त्यांनी तो माझ्याकडे फिरवला. वारसाचा अर्ज होता, अब्बा गेल्यानंतर अम्मानं भरलेला. वारस म्हणून माझं नाव होतं, माझं लग्नाआधीचं नाव. त्या नावानं मला आता कुणी हाक मारत नाही. खाली अम्माची सही होती.

“ह्यो फॉर्म मीच भरला हुता,” कारकून म्हणाले. “मी म्हणालो, चाची, पोरगी सांगलीला दिलेली, रान पुतण्या कसतोय, त्याचं नाव घाला, पुढं सोपं जाईल. न्हाई म्हणाल्या. माझ्या पोरीचंच घाला, म्हणाल्या. तिला शेअरातलं लय कळतं.”

ते सरळपणे बोलले, टोमणा मारायचा म्हणून नाही. मी बरं म्हटलं आणि बाहेर आले. गाळप बंद होतं, आवारात कुणी नव्हतं. मी वजनकाट्याजवळून चालत गेले, कट्टा दिसला, पण तिथं बसायची हिंमत झाली नाही.

तिथून गावी गेले. अम्मा अंगणात ज्वारी निवडत बसली होती. भर आठवड्यात कशी आलीस, तिनं विचारलं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि सगळं सांगितलं. कारखान्यावर गेले होते, वारसाचा अर्ज बघितला, पुन्हा सभासद होता येत नाही. मला कळत नव्हतं अम्मा, मी म्हटलं. मला वाटलं मला कळतं. तुझं नाव मी घालवलं.

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“माझं काय, आज न्हाई उद्या निघनारच हुतं,” ती म्हणाली. “तुझं लागायचं ऱ्हायलं, त्याचं वाईट वाटतंय.”